हजेरीपटांखालचं पाकीट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले — आणि तरी आधी अक्काचंच सांगावंसं वाटतंय. स्वतःचं सांगायला जीभ रेटत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माजलगावच्या अलीकडचं आमचं गाव. भाऊजी गेले त्या वर्षी ती ट्रॅक्टर शिकली, आणि पुढच्याच हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर जायला लागली. घरात शब्द तिचा. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, चार बुकं शिकलेली, म्हणून दवाखान्याचे कागद माझ्याकडे.

तिला आधी खोकला लागला, मग जिना चढताना दम. छातीत पाणी झालेलं. संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं — फुप्फुसाचा कर्करोग, हाडात उतरलेला. अक्का तंबाखूला कधी शिवली नव्हती. "मलाच कावून?" एवढंच म्हणाली.

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. काही गाठींमध्ये पेशींचं एक बटण चालू स्थितीत अडकून बसतं, म्हणून पेशी वाढतच राहतात. तो दोष सापडला, तर नेमकं तेच बटण बंद करणारी गोळी आहे. रोज एक, घरीच घ्यायची. दोष नसेल तर त्या गोळीचा उपयोग नाही. म्हणून आधी तपासणी. गाठीचा कण मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो. तो पाकिटात घालून माझ्या हातात दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला लॅब होती, तिथं पोचवायचा.

शनिवार होता. मी पोचेपर्यंत लॅब बंद. पाकीट घेऊन मी एसटीनं परत आले. इथपर्यंत सगळं खरं आहे.

सोमवारी मी गेले नाही. शाळेतल्या माझ्या कपाटात, हजेरीपटांखाली ते पाकीट ठेवलं. मंगळवारीही गेले नाही. परीक्षा होत्या — हो, होत्या. पण रजा मागितली असती तर मिळाली नसती का?

संध्याकाळी अक्का उशांना टेकून बसलेली असायची. आडवं झालं की गुदमरायची. मला बघितलं की विचारायची, "आला का गं रिपोट?"

"न्हाई अजून," मी म्हणायची.

असे सतरा दिवस. मधे एकदा तिच्या छातीतलं पाणी काढायला नेलं, तेव्हा मॅडमनाही मी तेच सांगितलं.

का? भीती म्हणू का? थोडी होती. रिपोर्टमध्ये दोष नाही असं आलं तर काय, ही भीती. पण तेवढंच असतं तर मी हे कधीच सांगून टाकलं असतं. खरं हे आहे — मी मनात अक्काला पोचवून आले होते. तिच्या खोलीत उजेड चांगला येतो. ती दम लागून बसलेली, मी तिला पाणी देतेय, आणि माझी नजर समोरच्या भिंतीवर — माझं कपाट इथं बसेल का? एकदा नाही. रोज. तिच्यानंतर या घरात माझा शब्द चालेल, हे मला आवडायला लागलं होतं.

सतराव्या दिवशी तिनं माझा हात धरला. "घाबरू नको," म्हणाली. मला! "तू पाठवलंय ना, मग येतंय बघ."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघाले.

दोष सापडला. गोळी सुरू झाली. आणि मग — काय सांगू तुम्हाला! दहाव्या दिवशी अक्का रात्रभर आडवी झोपली. तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. गोळीनं तोंडभर पुटकुळ्या आल्या, पोट बिघडलं, नखांच्या कडा सुजल्या. आरशात बघून म्हणाली, "सोळा वर्षांची दिसाया लागले की गं!" सगळं घर हसलं. तीन महिन्यांनी छातीचा फोटो काढला, गाठ ओळखू येईना. मॅडम म्हणाल्या, मुळासकट गेली असं समजू नका, पुढंमागं गोळी चालेनाशी होऊ शकते, तपासण्या चुकवू नका. पण बोलताना त्याही हसत होत्या.

मग फाइल चाळता चाळता थांबल्या. "ठोकळा लॅबला पोचायला इतके दिवस लागले?"

अक्का शेजारीच बसली होती.

"त्या शनिवारी लॅब बंद होती, मग कुरिअरनं पाठवला, ते अडकलं होतं," मी म्हणाले.

"जाऊ द्या मॅडम," अक्का म्हणाली, "पोचलं न्हवं?"

आता दुसरा हंगाम चालू आहे. अक्का पुन्हा ट्रॅक्टरवर आहे. मागच्या श्रावणात कपिलधारला देवदर्शनाला गेलो, तर पायऱ्यांवर ती पुढं आणि मी मागं धापा टाकत. गावातल्या बायकांच्या बैठकीत तिनं मला उभं केलं, माझ्या खांद्यावर शाल घातली. "हिच्यामुळं मी हाय," म्हणाली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. शाल घेतली.

आज सकाळीही ती अंगणात ट्रॉली मागं घेत होती. "ए बाई, मागं उभी ऱ्हा गं!" तिनं हाक दिली. मी उभी राहिले. ये, ये, थोडी डावीकडं, अजून ये, असं ओरडत राहिले. भिंत वीतभर अंतरावर होती. अक्का माझ्या आवाजावर ट्रॉली मागं घेत होती. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.