काम कसलं, रोजचंच!

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात तसं फार शहाणं कुणी नाही, त्यामुळे आम्ही चढलो. आणि चढलो ते माझ्या सासूच्या हट्टापायी. तिला मी आत्या म्हणते, इकडे तशीच पद्धत आहे.

मी नाशिक रोडची, सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. फूल म्हणजे देवाच्या पुडीतून येतं एवढंच मला माहीत. लग्न होऊन मखमलाबादकडच्या या फुलांच्या मळ्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हौसेनं झेंडू तोडायला गेले. आत्यांनी माझ्या पाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "देठ किती आखूड तोडते गं! तुझ्या हाताचं फूल बाजारात चालायचं नाय. जा, घरात जा." झालं! मी पण काही कमी नाही, फुगून बसले. मनात म्हटलं, बसा तुमची फुलं घेऊन. त्यानंतर इतकी वर्षं पहाटे डोक्याला बॅटरी बांधून आत्या एकट्याच मळ्यात जात आणि मी उजाडल्यावर आरामात उठत असे. माझ्या माहेरी मात्र मी सांगत असे की सासूचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

मग तो अपघात झाला. दसऱ्याच्या आधीचे दिवस, झेंडूचा नुसता पूर. पहाटे फाट्यावर क्रेट रचून आत्या टेम्पोची वाट पाहत उभ्या होत्या. एक गाडीवाला चुकीच्या बाजूनं आला आणि क्रेटसकट आत्यांना उडवून गेला. उजवा खांदा मोडला. आम्ही धावत पोचलो तर आत्या रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडताहेत, "अरे, फुलं तुडवू नका रे!"

खांद्यात धातूची पट्टी बसली, टाके निघाले, पण हात काही छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन करावं लागेल, आणि उशीर कराल तेवढा खांदा आखडत जाईल. आमचे हे लगेच तयार झाले. आत्या म्हणाल्या, "घरातला एक रुपाया घालायचा नाय. ज्यानं मोडला त्यानं दुरुस्त करावा. हे म्हणजे त्यानं मोडायचं आन आपण भरायचं? लय शहाणा हायेस!" समजावून थकलो. शेवटी गाडीवाल्यावर भरपाईचा दावा लावला. म्हणजे आता आत्यांचा हात कोर्टावर अवलंबून. दावा जिंकलो तर हात, नाहीतर जन्मभर तसाच.

तोवर पहाटेची फुलं माझ्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी मी मळ्यात रडले, खोटं कशाला सांगू. चिखल, दव, डास आणि झोप, डोळ्यांत नुसती झोप. त्यात भर म्हणून घरी आल्यावर आत्यांची वेणीफणी. त्यांचा हात मागं जात नसे, म्हणून रोज अंबाडा मी घालायचे. तेही दार लावून. "कुणाला सांगू नको गं," असं रोज बजावणं व्हायचं, जणू मी चौकात जाऊन भोंगा लावणार होते!

दाव्याला तारखांमागून तारखा पडल्या. एका तारखेला समोरचे वकील नाहीत, एका तारखेला आमचे नाहीत, एका तारखेला दोघंही आहेत तर वेळ नाही. कोर्टाच्या बाहेरच्या टपरीवाल्याला माझा चहा बिनसाखरेचा हे तोंडपाठ झालं. शेवटी एकदाची आत्यांची उलटतपासणी लागली. म्हणजे गाडीवाल्याच्या विमा कंपनीचे वकील आत्यांना प्रश्न विचारणार. आमच्या वकिलांनी आदल्या दिवशी घरी येऊन पढवलं. "मावशी, साधं लुगडं नेसा. विचारलं तर जे दुखतं ते सांगा. लाजू नका."

आत्या निघाल्या ते मोरपंखी रंगाची, जरीच्या काठाची साडी नेसून. मी कपाळावर हात मारला. "अहो आत्या, लग्नाला चाललो का आपण?"

"चार लोकं बघत्यात. गबाळ्यावानी जायचं का?"

एवढ्यावर भागलं नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर पिशवीतून मोगऱ्याचा गजरा निघाला. न्यायाधीश बाई आहेत हे त्यांना कुठून तरी कळलं होतं, त्यांना द्यायचा म्हणे. आमच्या वकिलांचा चेहरा पांढराफटक! त्यांनी तो गजरा ओढून घेऊन आपल्या फायलींच्या बॅगेत कोंबला आणि दिवसभर ते बिचारे घमघमत हिंडले.

समोरचे वकील म्हणजे साखरेचं पोतं. "मावशी, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय की. देवाची कृपा."

"हात कसा आहे?"

"बरा हाय."

"तुम्ही काय काम करता, मावशी?"

"काय नाय. घरीच असते."

आमच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. अर्जात लिहिलं होतं की ही बाई फुलं तोडते, हार करते, बाजारात नेऊन विकते आणि आता तिला यातलं काहीच जमत नाही. आणि ही बया म्हणते घरीच असते! मी बाकावरून अर्धी उठलेच. यांनी माझा पदर ओढला. समोरच्या वकिलांनी छान हसून "आणखी काही विचारायचं नाही" म्हटलं, आणि मला वाटलं, गेला हात. मोरपंखी साडीत, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडानं घालवला. मला इतका संताप आला आणि तितकंच रडूही आलं.

तेवढ्यात न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. "मावशी, सकाळी कधी उठता तुम्ही?"

"कोंबड्याच्या आधी."

"कशाला?"

"फुलं तोडायला. उजाडायच्या आत बाजारात जावी लागत्यात."

"मग ते काम नाही का?"

आत्यांना खरंच नवल वाटलं. "काम कसलं, रोजचंच!"

मॅडम थोड्या हसल्या. "आता कोण तोडतं?"

"ही. सून." आत्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, डाव्या हातानं.

"आधीही तीच मदत करायची का?"

"नाय. ती निजलेली असायची."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, समोरचे वकील हसले, आमचेसुद्धा हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी गेल्यावर बघते आत्यांना, असं मी ठरवून टाकलं.

"उठवत नव्हता तिला?"

आत्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "माझी सासू मला अंधारात कडी वाजवून उठवायची, मॅडम. कवळं वय, डोळं उघडायचं नाय. मी तोडता तोडता रडायचे. तव्हाच ठरवलं, माझ्या सुनेला मी नाय उठवायची. ही आली आन लगेच निघाली पाटी घेऊन. उगं देठाचं निमित्त काढून हाकलली." त्यांनी पदर सावरायला उजवा हात उचलला, तो छातीपाशीच अडकला, मग डाव्यानं सावरला. "आता रोज उठावं लागतं पोरीला. माझी वेणीबी तीच घालते. दुखण्याचं काय, दुखंल तेवढं दुखंल. पण तिची झोप गेली, याचं लय वाईट वाटतं."

जी गोष्ट दार लावून लपवली होती ती त्यांनी भर कोर्टात सांगितली. मॅडमनी सगळं शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावलं. मी मान खाली घालून बसले होते. इतकी वर्षं मी जिला माहेरी नावं ठेवली ती माझी झोप राखत होती, आणि मला वाटत होतं की देठ आखूड पडले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पैसे आल्याबरोबर ऑपरेशन झालं. मग व्यायाम. भिंतीवर बोटं एकेक करून वर चढवायची, रोज थोडी जास्त. आत्या भिंतीलाही शिव्या द्यायच्या आणि मलाही. अंबाडा मात्र अजून माझ्याकडेच होता, आणि पहाटेची फुलंही.

परवा मला जाग आली तर खिडकीतून ऊन अंगावर आलेलं. धडपडत उठले. पाटी जागेवर नाही, बॅटरी नाही. अशी तणतणत मळ्यात गेले! "आत्या, डॉक्टरांनी काय सांगितलंय? उठवायचं नाही का मला?"

"वरडू नको. कशाला उठली एवढ्या लवकर? जा, नीज."

त्या पाठमोऱ्या होत्या. अंबाडा वाकडा होता, एका कानाकडे कललेला, अर्धे केस सुटलेले. मी घातलेला नव्हता. मला तिथंच रडू फुटलं, आणि ते दिसू नये म्हणून मी शेजारच्या सरीत शिरून तोडायला लागले.

आत्यांनी माझ्या फुलांकडे पाहिलं. "देठ बघ किती आखूड! तुझ्या हाताचं फूल बाजारात चालायचं नाय."

"नाही चाललं तर नाही चाललं," मी म्हटलं आणि पुढचं फूल तोडलं.