लग्नाआधीचं नाव

इंग्लंडमध्ये रीडिंगहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जाताना ट्रेनमध्ये एकदा साठीच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. फोनवरचं माझं मराठी ऐकून त्यांनी फाइलमधून जुन्या शाळेच्या रजिस्टरची फोटोकॉपी काढली. "वाचून दाखवशील? मला बोलायला येतं, वाचायला नाही."

त्यांची खापरपणजी सरस्वती सासरच्या गावातली पहिली शिक्षिका होती. त्या गेली सहा वर्षं तिच्या माहेरगावच्या कागदांत सरस्वती नावाची मुलगी शोधत होत्या.

मी रजिस्टर वाचलं, त्यातही सरस्वती नव्हती. म्हटलं, "सरस्वती हे सासरचं नाव असेल. तेव्हा लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचे."

त्यांनी फाइलमधल्या वंशावळीत पेन्सिलने लिहिलेल्या 'सरस्वती'वर खोडरबर टेकवला, पण खोडलं नाही. नुसतं बोट फिरवत राहिल्या.

"तिने गावातल्या सगळ्या मुलींना नाव लिहायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "तिचं नाव कुणीच लिहिलं नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या आजीचं काय होतं, लग्नाआधी?"

 तेवढ्यात पॅडिंग्टन आलं आणि त्या गर्दीत उतरून गेल्या.

संध्याकाळी आईला फोन करून विचारलं. तिलाही आजीचं लग्नाआधीचं नाव माहीत नव्हतं. 

मग म्हणाली, "माझं तेवढं लिहून ठेव."