आडवी झाली की बरी

धाकटी जाऊ लग्न होऊन आली आणि घरातली एकुलती एक खाट तिची झाली. गिरण्यांच्या संपानंतरचं वर्ष, घाटकोपरच्या चाळीतल्या दोन खोल्या. मी तिच्या आठ वर्षं आधी आलेली. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात पाट्या-वरवंट्याला बसले, तेव्हा मला कुणी खाट दाखवली नव्हती. हिला मात्र चक्कर यायची, धाप लागायची. सासूबाई म्हणायच्या, "निजांदे तिका. भाकरी तू कर."

मी जळायचे. लपवू कशाला? ती गोरी, मॅट्रिक पास, आणि वर आजारी. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या आणि विश्रांती लिहून दिली होती. विश्रांती हे औषध मला कधी कुणी दिलं नाही.

मग मी तिच्यावर पाळत ठेवली. ढोंग पकडायचंच होतं, आणि सापडलंही. आडवी असली की बाई ठणठणीत, मासिकं वाचायची. कणीक मळायला उठून बसली की पाच मिनिटांत ओठ पांढरे. विळीवर बांगडे कापून उठताना हमखास भिंत धरायची. काम आलं की दुखणं, काम सरलं की बरी.

एका सकाळी ती म्हणाली, "ताई, गरगरतंय." मी म्हटलं, "आधी भांडी पुरी कर." ती मोरीतच कोसळली.

दिरांनी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बाईमाणूस हवं म्हणून मी सोबत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चक्कर नेमकी कधी येते?" ती म्हणाली, "येते अशीच." दिरांना काहीच सांगता येईना.

मग मीच सगळं ओकले. "झोपली की काही होत नाही हो हिला. उठून बसली की होतं. आडवी केली की दोन मिनिटांत बरी." मला वाटलं, आता बाई हिला चांगली झापणार.

बाईंनी तिला झोपवून छातीला नळी लावली, मग बसवून, मग पुन्हा झोपवून. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. पडद्यावर हृदय दाखवणारी इको नावाची तपासणी झाली. हृदयाच्या डाव्या कप्प्यात देठाला लोंबकळणारी गाठ होती. ती उठून बसली की गाठ खाली सरकायची आणि मोरीच्या भोकात फडका अडकावा तशी झडपेत अडकायची. कॅन्सर नव्हता, पण रक्ताची वाट एखाद्या दिवशी पुरती बंद झाली असती. अशी गाठ फार थोड्यांना होते म्हणे. माझ्या मनात आधी आलं, हिला गाठसुद्धा साधी झाली नाही. भांडी आठवली ती त्यानंतर.

छाती उघडून गाठ काढली. ती घरी आल्यावर सासूबाई चाळभर सांगत सुटल्या, "थोरलेन ओळखल्यान."

दुपारी आम्ही दोघीच होतो. मी तांदूळ निवडत होते. ती खाटेवरून म्हणाली, "ताई, तिथे तुम्ही माझी चहाडीच करत होतात ना?"

"हो," मी म्हटलं. "कामचुकार वाटायचीस मला."

"माहीत होतं. पण या घरात माझ्याकडे एवढं नीट दुसऱ्या कुणी पाहिलंच नाही. ह्यांनीसुद्धा नाही."

मी तांदळातला खडा बाजूला काढला. मला पुन्हा तिचा हेवा वाटला. तिच्याकडे बघायला निदान मी तरी होते.