नाशिक ते सेलू: सुनंदाच्या पानासाठी

माझी बायको सुनंदा जाऊन वर्ष झालं. वर्षाचे विधी नाशिकला घरीच उरकले. पण तिच्या माहेरी आणखी एक रीत आहे. वर्ष झालं की माहेरचे लोक एक दिवस लेकीचं पान वाढतात. केळीच्या पानावर तिच्या आवडीचे पदार्थ, समोर तिचा फोटो, आणि शेजारी जावई हजर हवा. मी मुळात कमी बोलणारा आणि कमी फिरणारा माणूस आहे. हा ब्लॉगसुद्धा मुलीनं उघडून दिलाय, "बाबा, बोलायचं नसेल तर लिहा तरी" म्हणून. पण हे आमंत्रण टाळता येण्यासारखं नव्हतं, कारण मी सुनंदाला एक शब्द दिला होता.

त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं घर किराणा दुकानवाल्यांचं, अंड्याचंही नाव काढायचं नाही असं. सुनंदा वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या शेतकरी घरातली, लहानपणापासून मटणावर वाढलेली. मी वर्ध्याला टेलिफोन खात्यात होतो, ती कचेरीत टायपिस्ट. लग्नाला माझ्या आईनं एकच अट घातली: घरात मांस येणार नाही. सुनंदा लगेच "चालेल" म्हणाली. आईनं "घरात" म्हटलं होतं हे तिनं नीट ऐकलं होतं.

बदली होऊन नाशिकला आलो आणि लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका खानावळीत जायला लागलो. ती मटण-भाकरी खायची, मी समोर बसून शेवभाजी. नळीचं हाड आलं की ती ते ताटावर ठक-ठक ठोकायची, आतला गर निघेपर्यंत. आजूबाजूचे लोक बघायचे आणि मी पाण्याच्या ग्लासात बघायचो. मग बडीशेप, लवंग, आणि वाटेतल्या देवळात पाच मिनिटं. आई शेजारणींना सांगायची, "सुनेला देवाची फार ओढ." आई गेल्यावर मी म्हटलं, आता घरी करत जा. तर म्हणाली, "घरी केलं तर मला बाहेर कोण नेईल?"

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तिनं मला बजावलं होतं, "वर्षाला माहेरचे लोक माझ्या पानात पाटोडी वाढतील. तसं झालं तर मी कावळ्याला शिवू देणार नाही. सांगून ठेवते. मटण वाढायचं, आणि नळी." मी हो म्हटलं होतं. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होतो.

दिवस पहिला

नाशिकहून वर्ध्याला जायला रात्रभराची गाडी सोयीची. सकाळी उतरलो की दिवस हातात राहतो. जानेवारीत गेलात तर स्वेटर जवळ ठेवा, पहाटे वर्धा चांगलंच गार असतं. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. मी "कमी तिखट" म्हटलं, तर गाडीवाला म्हणाला, "काका, कमी तिखट पायजे असन तं नुसतं पानी पिऊन पाहा." तीस रुपयांत डोळे आणि नाक दोन्ही साफ झाले.

बस दुपारची धरायची होती, म्हणून ऑटोनं सेवाग्रामला जाऊन आलो. येण्याजाण्याचे आधी ठरवून घ्या, नाहीतर परतताना भाडं वाढतं. मातीच्या कुट्या, शेणानं सारवलेली जमीन, मोठी झाडं, आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही. माझ्यासारख्याला जागा आवडली. जवळच भाकरी, वरण आणि भाजीचं साधं जेवण मिळालं. सुनंदा दर दिवाळीला माहेरी जाताना मला इथं आणायची. निघताना म्हणायची, "चला, तोंड शुद्ध झालं. आता आईसमोर बसायला हरकत नाही." तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं होतं.

वर्ध्याहून सेलू एसटीनं पाऊण तासाच्या आत. दोन्ही बाजूंना वेचून उरलेला कापूस आणि कापणीला आलेली तूर. स्टँडवर मेहुणा गजू मोटरसायकल घेऊन उभा होता. "या जवाईबुवा! बारीक झाले तुमी. तिकडं काय हवा खाऊन राह्यले का?"

घरी सासूबाई ओसरीत सोले काढत बसल्या होत्या, म्हणजे तुरीचे ओले दाणे. मी त्यांना मामी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, दात जवळजवळ नाहीत, आवाज मात्र शाबूत. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "आले? बसा." मग बराच वेळ आम्ही दोघं सोले काढत बसलो. आमचं असंच जमतं.

चहा घेऊन गजूची बायको वंदना आली आणि उद्याचं ऐकवू लागली. "भाऊजी, ताईच्या पानात पाटोडी, गोळाभात, वांगं-सोले अन् पुरणपोळी. सगळं शुद्ध. तुमाले बी काई प्रश्न नाई." पाटोडी म्हणजे बेसन शिजवून थापलेल्या वड्या, तिखट काळ्या रश्श्यात सोडलेल्या. डोळे मिटून खाल्ली तर मटणासारखीच लागते असं इकडचे शाकाहारी सांगतात. त्यांनी मटण खाल्लेलं नसतं एवढीच अडचण.

मामी आत गेल्याचं बघून मी हळूच विचारलं, "वंदना, तुमच्याकडं मटण करतात ना?"

"करते ना. पण घरात नाई, शेतातल्या चुलीवर. आई खात नाई ना."

मी समजत होतो की मामींनी माळ घातली असेल किंवा देवाला काही बोलल्या असतील. विचारलं तसं वंदना म्हणाली, "माळ कायची! तुमचं लग्न झालं त्या दिवशी सोडलं त्यायनं. माह्या लग्नाच्या आधीची गोष्ट हाय, पण सारं गाव सांगते. म्हने, माही पोरगी आता जलमभर खानार नाई, तं माह्या नरड्याखाली कसं उतरन? एकतीस वर्षं झाले. पाटोडीच खाते."

मला सेवाग्रामला निघताना ती म्हणायची ते "तोंड शुद्ध झालं" आठवलं. सुनंदाला हे माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. आई तिच्यासाठी सोडून बसली आहे, मग आईला सांगायचं कसं? माहेरी आली की ती आईशेजारी बसून मुकाट पाटोडी खायची, आणि मला वाटायचं की तिला आवडते. आता मी मटण मागितलं तर मामींची एकतीस वर्षं वाया गेली असं त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं होतं. नाही मागितलं तर सुनंदाला दिलेला शब्द गेला. रात्री जेवणात पाटोडी होती. मी दोनदा घेतली, तोंड कामात राहावं म्हणून.

दिवस दुसरा

सकाळी गजूनं बोर धरण दाखवायला नेलं. सेलूहून मोटरसायकलवर अर्धा तास, रस्ता बरा आहे, शेवटी साग आणि बांबूचं जंगल लागतं. थंडीत पाण्यावर पक्षी पुष्कळ. वाघ शेजारच्या जंगलात आहेत, आम्हाला फक्त माकडं दिसली. भिंतीवर बसून मी गजूला सगळं सांगितलं. एवढं सलग मी वर्षभरात बोललो नव्हतो.

तो मांडीवर थाप मारून हसायला लागला. "बाप्पा! म्हंजे ताई तिकडं नळ्या ठोकून राह्यली होती, अन् इकडं आई पाटोडीले मटन समजून राह्यली होती?" मग एकदम गंभीर. "पन आईले तुमी सांगा. मी नाई सांगत. मले अजून या घरात राह्याचं हाय."

परतताना सेलूत त्यानं गाडी थांबवली आणि अर्धा किलो मटण घेतलं, नळी मागून. शेतातल्या चुलीवर त्यानं ते स्वतः शिजवलं. मी लाकडं पुढं सरकवत होतो. मसाल्यात खसखस, सुकं खोबरं, आणि तव्यावर काळं करून भाजलेला कांदा. बाजूला वंदनानं सकाळी शिदोरीत दिलेली लांब रोटी होती, उपड्या मडक्यावर भाजलेली, रुमालाएवढी पातळ. ही वर्ध्याकडं आलात तर चुकवू नका. मटण डब्यात भरून आम्ही दोघं चोरासारखे घरी आलो.

पान वाढून झालं होतं. फोटोतली सुनंदा हसत होती. पानात पाटोडी बरोबर मधोमध. मामी शेजारी पाटावर बसल्या होत्या. "जवाई, पानी सोडा," त्या म्हणाल्या. पानाभोवती पाणी फिरवलं की वाढणं संपलं.

मी तांब्या उचलला आणि परत ठेवला. "मामी, एक पदार्थ राहिलाय."

"कोनता?"

मी डबा पुढं केला. झाकण गजूनं उघडलं, माझ्याकडून उघडलं नसतं. वास ओसरीभर पसरला. वंदनानं पदर तोंडाला लावला. मामींनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तिनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "ती खायची, मामी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मीच घेऊन जायचो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

मला वाटलं, आता उठून आत जातील आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. पण त्यांनी विचारलं, "नळी मांगे का?"

"नळीच मागायची. ताटावर ठोकायची."

"लहानपनी बी असंच करे. आख्खी गल्ली उठे." त्या रडतायत की हसतायत ते ओळखू येत नव्हतं. मग म्हणाल्या, "अन् मी इकडं एकतीस वर्षं बेसन खाऊन राह्यली. मी तुमाले किती शिव्या देल्ल्या जवाई, तुमाले मालूम हाय? म्हनलं, या किरान्यावाल्यानं माह्या पोरीचं तोंड मारलं."

"थोडं थोडं माहीत होतं."

"काऊन नाई सांगतलं मंग?"

"तुम्ही तिच्यासाठी सोडलंत हे मला काल कळलं. तिला आधीच माहीत होतं. म्हणूनच तिला सांगता आलं नाही."

मामींनी पदरानं डोळे पुसले आणि पानातली पाटोडी स्वतःच्या हातानं उचलून माझ्या ताटात टाकली. "हे तुमी खा. गजू, तिच्या पानात वाढ. नळी वरून ठेव." मी पाणी सोडलं. पान अंगणात नेऊन ठेवलं. कावळा कधी आला ते कोणी पाहिलंच नाही, कारण तोवर मामींनी आपलं ताट पुढं केलं होतं. "मले बी."

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. त्यांनी रश्श्यात रोटी बुडवून खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "गजू, मीठ कमी हाय."

वंदना हसता हसता खाली बसली. मग मामींचा मोर्चा माझ्याकडं वळला. "अन् तुमी? इतके वर्षं समोर बसून पाह्यलं, एक दिवस बी वाटलं नाई खावं?"

"मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, तुम्ही खायला लागलात तर नळी वाटून घ्यावी लागेल."

"शिकवली मीच तिले," मामी म्हणाल्या.

परत

तिसऱ्या दिवशी निघालो. वर्ध्याहून काही न्यायचं असेल तर गोरसपाक न्या, साजूक तुपातली बिस्किटं, घरी पोचेपर्यंत टिकतात. माझी टिकली नाहीत. गजूनं काळ्या मसाल्याचा डबाही बांधून दिला. "तुमच्या शेवभाजीत टाका, जरा मानसात या."

कोणी विचारेल की सगळं पाहून मत बदललं का. नाही. मला अजूनही शेवभाजीच आवडते. कोणी काय खावं हे मी सुनंदाला कधी सांगितलं नाही, तिनंही मला सांगितलं नाही, आणि आमचं चाललं. एकमेकांना बरं वाटावं म्हणून न आवडणारं खात राहणारी माणसं मात्र मला आता जास्त दिसायला लागली आहेत.

वर्षभर मी त्या खानावळीत गेलो नव्हतो. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गेलो. मालकानं काही विचारलं नाही, शेवभाजी आणून ठेवली. पहिला घास घेतला तोच फोन वाजला.

"जवाई, गेले का जेवाले?" मामींचा आवाज.

"बसलोय आत्ताच."

"मी बी बसली. गजूनं आज मीठ बरोबर टाकलं. थांबा, फोन ठेवू नका."

मी फोन कानाला लावून थांबलो. पलीकडून ताटावर नळी ठोकल्याचा आवाज येत होता, ठक-ठक, अगदी जोरात. या वेळी मी ग्लासात पाहिलं नाही.