बोरीखालचे पाच दगड

शिवलिंगअण्णा प्रत्येक गावाच्या शिवेवर सायकलवरून खाली उतरतात. तिथे पाटी असतेच असे नाही. कधी एखादा उभा दगड असतो, कधी निवडुंगाची रांग, कधी काहीच नसते. ते उतरतात, सायकल हातात धरून चार पावले चालतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा टांग मारतात. पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा मला वाटले, चेन उतरली.

"चेन न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गावात बसून कसं शिरायचं?"

मी कळंबच्या एका कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. निवृत्तीला अकरा महिने आहेत. तीन वर्षांपासून दर रविवारी मी अण्णांच्या मागोमाग सायकल चालवतो आहे.

अण्णा मूळचे मुरुमचे. घरात कानडी, बाहेर मराठी. वय चौसष्ट. त्यांचा धंदा पिठाच्या गिरणीच्या दगडांना टाकी लावण्याचा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने त्याला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. चाळीस वर्षे छिन्नीच्या कपच्या उडून त्यांच्या हातांच्या पाठी काळ्या ठिपक्यांनी भरल्या आहेत. छिन्न्यांची पिशवी सायकलला अडकवून ते येरमाळ्याकडच्या डोंगरातली गावे करायचे. तेव्हापासून मोटार जात नाही अशी प्रत्येक वाट त्यांना पाठ आहे.

"डांबरी रस्ता इंजिनियरनं काढला," ते सांगतात. "ही वाट बैलानं काढली. बैलाला भरली गाडी वढायची असती, त्यो उगं चढावर जात न्हाई. बैलाची वाट सायकलीला मानवती."

ते खरे आहे. कळंब सोडून तासाभराने ती गाडवाट डोंगराला लागते आणि चढ आहे हे पायांना कळायच्या आत आपण वर पोचलेलो असतो. थंडीच्या दिवसांत वर धुके असते. पवनचक्क्यांचे खांब धुक्यात बुडालेले असतात आणि वरची पाती तेवढी फिरताना दिसतात, कुणाच्या तरी स्वप्नात फिरत असावीत तशी. दोन चाकांखाली मातीचा बारीक आवाज होतो. हरभऱ्यावरून वारा आला की ओठ आंबट होतात. बोलावेसे वाटत नाही. कार्यालयातले टेबल, सोमवारची पत्रे, सगळे कुठेतरी खाली राहून गेलेले असते. एकदा मी अण्णांना विचारले, "किती आलो आपण?" ते म्हणाले, "दोन शिवा." ते मैल किंवा किलोमीटर कधी मोजत नाहीत.

मागच्या वर्षी हमरस्त्यावर एका ट्रकच्या वाऱ्याने अण्णा चारीत फेकले गेले. गळ्याजवळचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात होता. त्यांच्या पत्नी महानंदाताईंनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला.

"मोटारीच्या रस्त्यावर सायकल दिसली, तर सरळ भंगारवाल्याला देईन. डोंगरातल्या वाटंनं जायाचं तर जावा."

"आन ती वाट बंद झाली तर?" अण्णांनी हसत विचारले होते.

"मग घरात बसा. माझ्यासंगं चार शब्द बोला. लग्नापासनं राहिलंय ते."

हे हसण्यावारी गेले, पण अण्णांना ठाऊक होते की महानंदाताई दिलेला शब्द फिरवत नाहीत.

वाट तुटण्यासारखी एकच जागा होती. डोंगर चढून गेल्यावर सपाटीला उत्तरेश्वर नावाच्या शेतकऱ्याचे रान आहे. तिथे एका बोरीपाशी वाट वळते. दर वर्षी नांगरटीत नांगराची एकेक रेघ वाटेवर सरकत होती. गाडीची वाट हातभर राहिली होती आणि तिच्यावरही गवत माजले होते. धाराशिवहून शुभांगी नावाच्या एक शिक्षिका आणि त्यांच्या दोन मैत्रिणी अधूनमधून सायकलवर येऊ लागल्या होत्या. त्या बोरीपाशी चुकून पिकात शिरल्या. म्हणून दिवाळीनंतर अण्णांनी वळणावळणावर दगडांना चुना लावून खुणा केल्या. बोरीखाली बाण केला. बाणाला दगड लागले पाच.

पुढच्याच महिन्यात उत्तरेश्वर वाटेत भेटला.

"मामा, येळवस झाली की ट्रॅक्टर लावतोय. ऊस लावायचाय. तवा सायकल दुसरीकडनं काढा."

"आरं, वाट हाय की ही."

"कुठली वाट? गवत हाय निस्तं. तुमी दोघं सोडलं तर कुत्रं येत न्हाई हितनं."

"आमी येतो की."

"तुमचं काय, तुमी हवा खायाला येता!"

तो वाईट बोलला नाही. हसतच बोलला. पण अण्णा परतताना एका शिवेवर उतरायचे विसरले. मी मागून पाहिले.

माझा स्वभाव कागदाचा. मी म्हणालो, "तहसीलला अर्ज करू. जुन्या नकाशात गाडवाट नक्की असणार."

अण्णा सायकलवरून उतरून चालू लागले. मग म्हणाले, "कागदानं वाट मिळंल, भाऊसाहेब. पण आपण जाताना त्यो मानूस पाठ करून बसंल. मग त्या वाटंनं जाऊन काय बघायचं?"

अर्ज झाला नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. थंडीत येणारा आमच्या भागातला हा रानातला सण. कडब्याची कोप उभी करून तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडतात आणि पुजतात. वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

"शेवटचं जाऊन येऊ," अण्णा म्हणाले. सकाळी निघालो. त्या दिवशी डोंगर वेगळाच दिसत होता. शहरे रिकामी होऊन सगळी माणसे पिकात येऊन बसली होती. धुक्यातून कुठून तरी बायकांच्या हसण्याचा आवाज येई, पण माणूस दिसत नसे. ज्वारीच्या ताटांवरून चुलीचा धूर सावकाश सरकत होता. अण्णा इतके हळू चालवत होते की सायकल पडत कशी नाही याचेच नवल वाटे.

बोरीपाशी आलो आणि दोघेही थांबलो. बोरीखाली कडब्याची कोप होती. वरून शाल घातलेली; आत पाच पांढरे दगड ओळीने बसले होते, ताजा चुना लावलेले, हळदकुंकू वाहिलेले. बाण मोडून त्याची ओळ झाली होती, एवढाच फरक.

"या की बसायला!" उत्तरेश्वरची आई कमलबाई हाक मारत होत्या. पंच्याहत्तरीच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. "येळवशीला कुनी उभ्या उभ्या जात असतंय व्हय?"

आम्ही बसलो. पत्रावळीवर शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आली. गाडग्यातली आंबील आली. कमलबाई वाढता वाढता सांगू लागल्या.

"आमचे पांडव माझ्या सासऱ्यानं मांडलेले. ह्यानं शेततळं खांदलं, त्या मशिनीनं गाडून टाकलं. दोन साल कुठलं बी दगड आनून पुजलं, पर मन लागंना. आन आवंदा बघा, बोरीखाली पाचच्या पाच, चुन्यासकट! गुरांनी जरा पांगवलं हुतं, मी वळीनं लावलं. आपलं पांडव आपनहून आलं."

"ट्रॅक्टरवाला बी म्हणतोय, पांडवावर फाळ घालनार न्हाई," उत्तरेश्वर कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

मी अण्णांकडे पाहिले. गप्प बसले तर वाट राहणार होती, सायकलही राहणार होती. नुसते जेवून उठायचे होते. पण त्यांनी पत्रावळीला हात लावला नव्हता. काळ्या ठिपक्यांचे ते हात मांडीवर तसेच होते.

"अक्का," ते म्हणाले, "तुमचं अन्न खायाच्या आधी सांगतो. त्ये दगड म्या ठेवलेत. वाटंची खूण म्हणून. बाणाला पाच लागलं म्हणून पाच. मी बी येळवस करणाराच, पर त्या टायमाला ध्यानातच आलं न्हाई."

उत्तरेश्वर ताडकन सरळ बसला. "बघ आई! म्हणलं नव्हतं मी? ह्या मामाचाच उद्योग!"

कमलबाईंनी हातातला उंडा अण्णांच्या पत्रावळीवर ठेवला.

"मग? दगड काय पायानं चालत येत्यात व्हय? कुनाच्या तरी हातानंच यायचं. माझ्या सासऱ्यानं बी वढ्यातनंच उचलून आनलं हुतं. तुमी जेवा." मग त्या मुलाकडे वळल्या. "आन तू ऐक. एकदा पुजलेलं पांडव हलवत न्हाईत. आन पांडवाकडं यायला वाट लागती. मी काय तुझ्या उसातनं सरपटत येऊ?"

"आई, अगं ऊस..."

"ऊस लाव की. कोन नगं म्हणतंय?"

आंबील पिता पिता उत्तरेश्वर गालातल्या गालात हसला. "मामा, तुमी लई नशीबवान. मी खरं बोललो की आई मला हानती."

चार दिवसांनी ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही तिथे होतो. उत्तरेश्वरने अण्णांची सायकल मागितली आणि वाटेच्या मधोमध उभी धरली. हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक हात सोडून त्याने पायाने रेघ ओढली.

"एवढी पुरं का?"

"बैलगाडी?" अण्णांनी विचारले.

"बैल कुनाकडं राहिलेत आता, मामा?"

अण्णांनी मान डोलावली. ट्रॅक्टर बोरीला वळसा घालून गेला. त्या रात्री महानंदाताईंना ही हकिगत कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्यासंगं बोलायचं पुन्हा राहिलंच." आणि चहा ठेवायला उठल्या.

आता ऊस डोक्याच्या वर गेला आहे. त्या वाटेने जाताना दोन्ही बाजूंनी हिरवी पाने खांद्यांना लागतात आणि वर फक्त आकाशाची पट्टी असते. शुभांगीताई म्हणतात, इथे आले की झोपेत सायकल चालवतोय असे वाटते. मध्येच बोर येते. तिथे कुठल्याच गावाची शीव नाही, तरी अण्णा खाली उतरतात, चार पावले चालतात. आता मीही उतरतो. येत्या येळवशीला चुना आम्हीच न्यायचा आहे, असे कमलबाईंनी बजावून ठेवले आहे.