साडेसात दारांचं राज्य आणि खरात सर

तिकिटाच्या खिडकीत बसलं की किस्से शोधायला कुठं जावं लागत न्हाई. लोक येतात, तिकीट घेतात, एक प्रश्न विचारतात आणि निघून जातात. तिकीट त्यांच्याकडं, प्रश्न माझ्याकडं! असे ढीगभर प्रश्न माझ्याकडं साचलेत, आणि निम्म्यांची उत्तरं मला अजून सापडली न्हाईत. सांगते सगळं, पण मध्येच "म्हणजे कसं?" असं विचारू नका. मलाच कळलेलं न्हाई.

आधी माणसं सांगते. घनसावंगी-तीर्थपुरी रस्त्याला दोन पार्क आहेत, एकमेकाला चिकटून, मध्ये एकच भिंत. इकडचा नानांचा. तिथं मी तिकिटं फाडते आणि माईकवर बोलते. तिकडचा अण्णांचा. अण्णा थोरले, नाना धाकटे, सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं बोलणं बंद. भांडण कशावरून झालं विचारलं की दोघंही म्हणतात, "त्यालाच विचार!" एकानं घसरगुंडी आणली की दुसरा महिन्याभरात तिच्यापेक्षा हातभर उंच आणणार.

तर मधी बाहेरच्या देशातली एक सिरीज हिंदीत आली. सात जादूची दारं, दारामागं राज्यं, ड्रॅगन, एक महामांत्रिक. पोरं नुसती येडी झाली. नानांनी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत आपल्या पार्कात सात दारं उभी करायची. सिरीज कोणी बघितल्ती? कोणीच न्हाई! नानांनी पहिला भाग बघितल्ता, तोही अर्धा, जेवता जेवता.

महामांत्रिक म्हणून मी आणले खरात सर. तीर्थपुरीच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या बाई वारल्या, मुलगा पुण्याला. बाजारात भेटले की म्हणायचे, "सुरेखा, घरात भिंतीला शिकवून राह्यलोय." मला लई वाईट वाटायचं. नाना म्हणले, "सुट्टीपुरते ठेवू. गर्दी झाली तर सर कायम. न्हाई झाली तर दारं काढून तिथं लग्नाचं लॉन." तेव्हापासून माझा जीव त्या सात दारांत अडकला.

* * *

नावाचाच घोळ बघा. वकील म्हणले, सिरीजचं नाव वापराल तर नोटीस येईल. नानांनी दोन दिवस डोकं चालवलं आणि बोर्ड लावला, "साडेसात दारांचं राज्य"!

"नाना, साडेसात का?"

"त्यांची सात आहेत ना? मंग आपली वेगळी. आता कोण नोटीस पाठवतं बघू!"

पहिल्याच शनिवारी एक बाई जीपमधून उतरल्या, हातात तेलाची बाटली. खिडकीशी येऊन विचारतात, "शनीमहाराज कोणत्या बाजूला?"

मी म्हणले, "मावशी, इथं शनी न्हाई. ड्रॅगन आहे."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणल्या, "त्याला चालतं का तेल?"

त्याच दिवशी एक गृहस्थ सगळी दारं मोजून परत आले. "ताई, सात भरली. अर्धं कुठंय?" मी खिडकीच्या चौकटीवर टिचकी मारली. म्हणले, "साहेब, त्याच्यातूनच तर बोलून राह्यले मी!" त्यांनी खिडकीत डोकावून बघितलं, मान हलवली आणि माझा फोटो काढून घेतला.

सोमवारी अण्णांचा बोर्ड लागला. "पावणेआठ दारांचं राज्य"!

* * *

आता तो ड्रॅगन. तो बनवला रफिकमिस्त्रीनं. रफिकमिस्त्री जुन्या जालन्याचा. सुतारकाम, गवंडीकाम, रंगकाम, सगळं एकटाच करतो आणि हाताला चांगला आहे. नानांनी त्याला फोनवरच समजावलं. "चार पाय, दोन शिंगं, पंख, तोंडातून धूर. जल्दी कर."

पंधरा दिवसांनी कापड काढलं. चार पाय होते. शिंगं होती, शिंगांना बेगड लावलेली. पंख होते. आणि पाठीवर हे एवढं वशिंड! बैलच तो, पोळ्याला सजवलेला, फक्त उडायच्या तयारीत.

नानांनी वशिंडावर हात ठेवला. "रफिक, हे वशिंड कशाला?"

"नाना, वशिंडाबिगर जनावर में जान नै दिखती."

धुरासाठी डास मारायचं फवारणीचं मशीन आत बसवलं. पोरं खोकून खोकून बेजार. एक आजोबा मात्र दोन तास तिथून हलले न्हाईत, म्हणले, "घरी लई डास आहेत."

अण्णांची माणसं येऊन फोटो काढून गेली. आठ दिवसांत तिकडंही ड्रॅगन उभा राह्यला, आणि त्यालाही वशिंड! आता जी पोरं आमच्याकडं येऊन गेलीत, ती घरी सिरीज बघताना म्हणतात, "ह्यांचा ड्रॅगन चुकलाय."

* * *

खरात सरांचा पहिला शो. काळा झगा, डोक्याला टोकदार टोपी, तीर्थपुरीच्या बाजारातल्या कापसाची दाढी. मी माईकवर घसा फोडून ओरडले, "आता येताहेत, साडेसात दारांचे स्वामी, महामांत्रिक!"

सर आले. पोरांकडं बघितलं. तोंड असं उजळलं त्यांचं! आणि पहिलं वाक्य काय?

"मुलांनो, जादू नसते."

नाना खुर्चीवरून उठले आणि परत बसले. पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणली, "मंग तुम्ही कोण?"

"मी खरात सर. दाढी कापसाची आहे. ओढून बघ."

तिनं ओढली. निघाली!

शो झाल्यावर नाना हात जोडून उभे. "सर, पाया पडतो, निदान एक मंत्र तरी म्हणा. लोक तिकीट काढून आल्यात."

सर म्हणले, "नाना, माझ्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात लहानपणी पाठ करून घ्यायचे. मंत्र बिलकुल होणार न्हाई."

सर पहिल्याच दिवशी घरी जातात की काय! शेवटी तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी डोळे मिटले, काठी वर केली आणि खर्जातल्या आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी... एकोणतीस चोक सोळोत्तरशे..."

मंडपात मागं एका बाईनं चपला काढून हात जोडले. नाना माझ्या कानात म्हणले, "बघ, किती पावर आहे मंत्रात!"

* * *

एक दिवस नानांनी मला हेरगिरीला पाठवलं. डोक्यावरून पदर, डोळ्याला गॉगल, अशी मी अण्णांच्या गेटवर. तिथला तिकीटवाला मान वर न करता म्हणला, "या सुरेखाताई. तुमच्या लोकांसाठी पास केलाय, रोजचा खर्चा नको."

आत गेले तर समोर अण्णाच! मी पळायच्या बेतात. अण्णा म्हणले, "थांब. नान्याची शुगर कशी आहे?"

"आहे... बरी आहे."

"जिलबी खाऊ देऊ नको त्याला. आणि मी विचारलं म्हणून सांगू नको."

परत आले. मला वाटलं नाना विचारतील, तिकडं गर्दी किती, नवं काय आणलं. नानांनी विचारलं, "दाढी केलीय का त्यानं? चार दिवस झाले, वाढलेलीच दिसून राह्यली भिंतीवरून."

मी केलीय म्हणले. हे भांडण आहे का काय आहे, तेच मला कळेना.

* * *

आता सातव्या दाराचा घोळ. सिरीजमध्ये सातव्या दारामागं काय आहे ते अजून दाखवलेलंच न्हाई म्हणे. म्हणून नाना रफिकमिस्त्रीला म्हणले, "सातवं दार मागच्या भिंतीला लाव. आत कोनाडा कर, दिवा ठेवू, बस."

उद्घाटनाच्या तिसऱ्या दिवशी एका पोरानं दिवा बाजूला सरकवून आतली फळी ढकलली आणि गायब! आई ओरडायला लागली. मी माईकवर, "निळ्या शर्टातलं पोरगं हरवलंय हो!" तर भिंतीपलीकडून अण्णांचा माईक बोलला, "निळ्या शर्टातलं सापडलंय हो! आमच्याकडून एक लाल फ्रॉक गेलाय का बघा!"

लाल फ्रॉक माझ्या खिडकीशी उभा होता!

रफिकमिस्त्रीला बोलावलं. सकाळी तो आमच्याकडं काम करायचा, दुपारून अण्णांकडं. अण्णांनीही त्याला तेच सांगितल्तं. मागची भिंत, सातवं दार, आत कोनाडा. भिंत एकच. दोन्ही कोनाडे एकाच जागी आले, मंग राह्यलं काय मध्ये? एक फळी!

नाना ओरडले, "तुला कळलं न्हाई का रे?"

"नाना, आपने कसम दी थी, इधर की बात उधर नक्को. अण्णा ने भी दी थी. मैं ने तो खुद को भी नै बताया!"

* * *

आणि तिथून खरी गंमत सुरू झाली. अण्णांनी हैदराबादहून खरा जादूगार आणल्ता. लिंबू कापलं की रक्त, पाणी शिंपडलं की नारळ पेटायचा. पोरं तिकडं ते बघायची आणि सातव्या दारातून पळत इकडं यायची. "सर, लिंबातून रक्त कसं येतं?"

सर झगा मागं सारून फळ्याकडं वळायचे. "सुरी कोणी आणली होती? लिंबू कोणी आणलं होतं? आधी हे विचारायचं." तिकडं बघायचं, इकडं समजून घ्यायचं. समजलं की पुन्हा तिकडं पळायचं, बराबर आहे का बघायला! मंडप भरून वाहायला लागला. सर दहा वर्षांनी लहान दिसायला लागले आणि मी जाता येता मोजत राह्यले, सुट्टीचे किती दिवस राह्यले.

एक दिवस अण्णांचा जादूगारच दारातून आला, चमचमत्या कपड्यांसकट. मागच्या रांगेत बसला. मला वाटलं, आता होते मारामारी. त्यानं हात वर केला. "सर, लिंबू का बराबर बोले आप. पर नारियल का गलत है."

सर फळ्यापासून बाजूला झाले. मंग खडू पुढं केला. "या. फळ्यावर दाखवा."

ह्या सगळ्या काळात नाना दाराच्या इकडच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, "लक्ष ठेवायला". अण्णा तिकडच्या बाजूला, तेही लक्ष ठेवायला. मध्ये दोन हाताचं अंतर आणि दोघांच्या पाठी एकमेकांकडं.

* * *

सुट्टी संपायला दोन दिवस राह्यले. नानांनी हिशोब लावला. मंडपात गर्दी मायंदळ, पण निम्मी अण्णांच्या तिकिटावर आलेली. "ही गर्दी माझी न्हाई," नाना म्हणले. "दार बुजवा." तिकडं अण्णाही चिडलेले, त्यांची पोरं आमच्याकडं बसतात म्हणून. रफिकमिस्त्रीला दोघांचे फोन एकाच दुपारी आले. त्यानं इकडून एक थर विटा लावल्या, मंग पूर्ण रस्ता फिरून तिकडं गेला आणि तिकडून एक थर लावला.

दार बंद म्हणजे पोरं बंद, पोरं बंद म्हणजे सर बंद. सरांनी फळा पुसला. दाढी पेपरात गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणले, "कापूस चांगला आहे गं. उशीत भर." आणि जीपला हात करायला रस्त्यावर जाऊन उभे राह्यले. मी खिडकी लावून घेतली आणि रडले. मीच आणल्तं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सर उरलेलं सामान घ्यायला आले. त्यांना परत द्यायला मी ड्रॉवरमधली दाढी घेतली आणि आम्ही दोघं मागं गेलो. दार उघडं!

इकडच्या विटा काढून इकडं रचून ठेवलेल्या. तिकडच्या विटा काढून तिकडं रचलेल्या. रफिकमिस्त्री अल्लाची कसम खाऊन राह्यला, "मैं नै तोड्या!" आमच्या वॉचमनला विचारलं, तर त्याला आदल्या दिवशी सुट्टी दिल्ती. अण्णांच्या वॉचमनला विचारलं, त्यालाही दिल्ती. कोणी दिली? "मालकांनी."

नाना आले. दोन्ही हात खिशात. नाना कधी खिशात हात घालत न्हाईत. भिंतीकडं बघून ओरडले, "कोणी तोडलं हे? कोणाची हिंमत झाली?" त्याच टायमाला पलीकडून अण्णा ओरडले, "कोणी तोडलं रे?" मंग नानांनी खिशातून हात काढला घाम पुसायला, आणि मला त्यांची नखं दिसली. सिमेंट! दारातून पलीकडं बघितलं, तर अण्णांच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

दोघंही ओरडत होते. पण पुन्हा बुजवा, असं एकही म्हणेना.

तोवर दोन्हीकडून पोरं येऊन मंडपात बसलेली. लाल फ्रॉकवाल्या पोरीनं हात वर केला. "सर, भिंत कशी गेली? आता तरी जादूच ना?"

सर विटांजवळ गेले. एक वीट उचलून बघितली. नानांच्या नखांकडं बघितलं, दारातून अण्णांच्या रुमालाकडं बघितलं. मी शाळेत होते तेव्हापासून सरांनी एकाही पोराचा प्रश्न परत पाठवलेला न्हाई.

सरांनी वीट होती तिथं नीट ठेवली, माझ्याकडं हात करून दाढी मागितली, कानाला अडकवली आणि फळ्याकडं वळले.

"हा प्रश्न परीक्षेला न्हाई. वह्या काढा."