दोन नेटवर्क कार्डं
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास आला की चाकणच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. तपासणीच्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं होती, एक मशीनसाठी, दुसरं इंटरनेटसाठी. बटण दाबलं की माझा प्रोग्रॅम प्रत्येक पार्टचा निकाल ग्राहकाच्या वेबसाइटवर पाठवायचा, पण तो कुठल्या कार्डातून जावा हे मी कोडमध्ये लिहिलंच नव्हतं. त्या दिवशी निकाल मशीनच्या कार्डातून निघाले आणि कुठेच पोचले नाहीत. सुपरवायझरने तपासणीवरच्या ताईंना सगळ्यांदेखत झापलं, “एक बटण दाबायचं काम, तेबी जमत न्हाई व्हय?” “दाबलंय मी. मॅडमना विचारा,” त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी कोडमध्ये कार्ड ठरवणारी एक ओळ घातली आणि “झालं सुरू” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांना पॅकिंगला टाकलं. आज हाताखालच्यांना मी ती ओळ आधी लिहायला लावते. का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.